साडीचोळी आणि तंजावरची वाट

दक्षिणेची सहल म्हटली की आपल्याकडे बहुतेक जण तिरुपती, रामेश्वर आणि कन्याकुमारी एवढीच नावे घेतात. मोठी बस, पहाटे चारला दारावर थाप, धावतपळत दर्शन आणि पुन्हा बस. घरी परतल्यावर कोणते देऊळ कोणत्या गावी होते, हेही धड आठवत नाही. त्यापेक्षा दोघांनीच एक गाडी ठरवावी आणि चेन्नईपासून मदुराईपर्यंत रमतगमत जावे. कांचीपुरम, महाबलीपुरम, पुदुच्चेरी, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, तिरुची असे करत गेले, तरी सगळा मिळून रस्ता जेमतेम सहाशे किलोमीटरचा. आठ दिवसांत तो आरामात होतो.

मागच्या जानेवारीत पुण्याच्या एक बाई आपल्या थोरल्या नणंदेबरोबर याच वाटेने निघाल्या. नणंद साताऱ्याच्या, शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. भावजय त्यांना ताई म्हणते. ताईंना तंजावर पाहायचे होते. वर्गात कितीतरी वेळा शिकवले, पण स्वतः कधी पाहिले नव्हते. यजमान गेल्यापासून एकटीने एवढ्या लांब जायचा धीर होत नव्हता. भाऊच म्हणाला, "हिला घेऊन जा. खर्चाचं मी बघतो."

भावाच्या या उदारपणामागे एक निळी फाइल होती. वडिलांनी बांधलेले साताऱ्याचे घर आता विकायचे होते. गिऱ्हाईक तयार होते आणि बहिणीची फक्त एक सही हवी होती. फाइलमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा होता. "प्रवासात मन मोकळं असतं. सवडीने ताईच्या कानावर घाल आणि कागद दाखव," असे सांगून त्याने ती फाइल बायकोच्या पिशवीत ठेवली होती. वर आणखी एक सांगितले होते, "कांचीला तिला चांगली भारीतली साडी घे."

चेन्नईत दोघी एकच दिवस राहिल्या. मैलापूरचे कपालीश्वराचे देऊळ आणि संध्याकाळी मरीना किनारा, एवढे पुरे झाले. महानगर ते महानगरच. खरी सहल दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. मार्गळीचा महिना होता. गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाचे कोलम रेखलेले, कोठे मध्यभागी शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोवलेले. ड्रायव्हर पन्नाशीचे होते. तमिळ, थोडी इंग्रजी आणि त्याहून थोडी हिंदी एवढ्यावर त्यांचे भागत असे. भावजयीने त्यांना अण्णा म्हटले. तमिळमध्येही मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात हे कळल्यावर सगळेच हसले.

गाडी ठरवताना दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, ड्रायव्हरचा रोजचा भत्ता किती, टोल आणि पुदुच्चेरीचा परमिट त्यात आला की वेगळा, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. या दोघींनी घेतले होते, त्यामुळे शेवटी हिशेबाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

कांचीपुरमला आठव्या शतकातले कैलासनाथाचे देऊळ आधी पाहावे, साड्या नंतर. उलटे केले तर देऊळ राहूनच जाते. वाळूच्या दगडातले हे पल्लवांचे देऊळ मोठ्या देवळांच्या मानाने शांत असते. आवाराच्या भिंतीला लागून छोट्या छोट्या देवळ्यांची ओळच आहे आणि काही ठिकाणी जुन्या रंगांचे अंश अजून टिकले आहेत.

साड्यांच्या बाबतीत मात्र सावध असावे. रस्त्यावर भेटणारा माणूस "आमच्या घरचा माग दाखवतो" म्हणून ज्या दुकानात नेतो, तिथल्या किमतीत त्याचे कमिशन धरलेले असते. विणकरांच्या सहकारी संस्थेचे दुकान बरे. अस्सल कांजीवरमचे काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांच्या ताण्यांचे असतात आणि विणतानाच ते एकमेकांत गुंफले जातात. या जोडाला कोरवै म्हणतात. त्यासाठी मागावर तीन धोटे लागतात आणि विणकराच्या हाताशी दुसरा माणूस लागतो. खऱ्या जरीच्या आत लाल रेशमाचा धागा असतो, त्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. रेशीम अस्सल असल्याची सिल्क मार्कची चिठ्ठी मागून घ्यावी. जरीसाठी मात्र वेगळी खात्री करावी लागते, कारण ती चिठ्ठी रेशमापुरतीच असते.

ताईंना एक मोरपंखी साडी आवडली. मरून काठ, पदरावर रुद्राक्षाची नक्षी. भावजयीने लगबगीने पिशवी उघडली. "ताई, ही आमच्याकडून. यांनी बजावून सांगितलंय." पैशांचे पाकीट काढताना निळी फाइल अर्धी बाहेर आली. तिने ती घाईने आत सारली.

ताईंनी साडीची घडी पुन्हा घातली. "माझं पेन्शन कशाला आहे गं?" असे म्हणून त्यांनी स्वतःचेच पैसे दिले. भावजयीला वाईट वाटले, पण त्याचबरोबर हायसेही वाटले. असे दोन्ही एकदम का वाटावे, ते तिला त्या दिवशी उमगले नाही.

महाबलीपुरमचे समुद्राकाठचे देऊळ आणि एकेका शिळेतून कोरून काढलेले पाच रथ सर्वांना फोटोत पाहून माहीत असतात. पण तिथे जास्त वेळ द्यावा तो अर्जुनाच्या तपश्चर्येच्या शिल्पापुढे. सुमारे नव्वद फूट लांब आणि तीस फूट उंच खडकावर देव, नाग, हत्ती, सिंह, साधू यांची गर्दी. खडकाच्या मधोमध एक नैसर्गिक भेग आहे, तिच्यातून गंगा उतरते आहे अशी कल्पना. हे गंगावतरण की अर्जुनाची तपश्चर्या, यावर विद्वानांचा वाद आहे. ताई त्यावर बोलत होत्या. भावजयीचे लक्ष मात्र हत्तीजवळच्या एका मांजराकडे गेले. मांजर मागच्या पायांवर उभे, पुढचे पंजे वर जोडलेले, अगदी तपस्व्यासारखे. भोवती भाबडे उंदीर जमलेले.

"हे बघ ढोंगी मांजर," ताई म्हणाल्या. "मुलांना हे फार आवडायचं."

भावजय काही बोलली नाही. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

पुदुच्चेरीबद्दल फारसे लिहिण्याचे कारण नाही. फ्रेंच वस्तीच्या सरळ गल्ल्या, पिवळ्या भिंती, बोगनवेल, अरविंदांची समाधी आणि संध्याकाळी वाहनांना बंद असणारा किनाऱ्याचा रस्ता. एक मुक्काम छान जातो. फ्रेंचांनी कारभार १ नोव्हेंबर १९५४ लाच सोडला, पण हस्तांतर कायद्याने पुरे व्हायला १६ ऑगस्ट १९६२ उजाडावा लागला. "घर रिकामं केलं, पण कागद व्हायला आठ वर्षं गेली," ताई सहज म्हणाल्या. भावजयीला कागद हा शब्दसुद्धा टोचू लागला होता.

चिदंबरमला पोहोचायला त्यांना साडेबारा झाले आणि देवळाचे दार बंद. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. आपण पंढरपूर-कोल्हापूरच्या हिशेबाने निघतो आणि फसतो. सकाळी एक देऊळ, दुपारी जेवण आणि प्रवास, संध्याकाळी दुसरे देऊळ, असाच दिवस आखावा. या दोघींनी केळीच्या पानावरचे जेवण चांगले तास-दीड तास चालवले. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, अप्पळम, शेवटी ताकभात. वाढणारा "अजून?" म्हणून विचारत नाही, सरळ वाढतोच. पुरे झाले की पान आपल्याकडे दुमडून टाकावे.

त्या जेवणात अण्णांनी एक गंमत सांगितली. तमिळ माणूस दुसऱ्याला विचारतो, तुमच्या घरी मदुरै की चिदंबरम? मदुरैत मीनाक्षीचे राज्य, म्हणजे घरात बायकोचे चालते. चिदंबरमला नटराजाने नृत्यात देवीला हरवले, म्हणजे नवऱ्याचे.

"आमच्या माहेरी कायमचं चिदंबरम," ताई म्हणाल्या. "आईने उभ्या जन्मात एका कागदावर सही केली नाही. सही बाबांची, नंतर तुझ्या नवऱ्याची."

चारला दार उघडले. गोपुरांवर नृत्यशास्त्रातली १०८ करणे कोरलेली आहेत आणि गाभाऱ्याशेजारी चिदंबर रहस्य म्हणजे रिकामी जागा, आकाशतत्त्वाचे लिंग. पडदा सरकतो आणि आत सोन्याच्या बेलपानांच्या माळा तेवढ्या दिसतात. भावजयीने डोळे मिटून हात जोडले, पण काय मागायचे ते तिला सुचले नाही.

कुंभकोणमच्या वाटेवर कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश सुरू होतो. भात कापणीला आलेला, काही ठिकाणी कापून रस्त्यावरच वाळत टाकलेला. अण्णा जपून, कडेकडेने गाडी काढत होते. हेच तर गाडीने जाण्याचे सुख. दारासुरमचे ऐरावतेश्वराचे देऊळ याच वाटेवर आहे. तंजावरएवढे भव्य नाही, पण कोरीव कामात त्याहून नाजूक. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराजाने ते बांधले. मंडपाच्या दोन्ही बाजूंना दगडी चाके आहेत आणि घोडे मंडप ओढत आहेत असा भास होतो.

हक्कसोडपत्राबाबत इथे थोडे सांगायला हवे, कारण घरोघरी हा कागद येतो आणि पुष्कळ बहिणी न वाचता सही करतात. वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखाच असतो. लग्न झाले म्हणून मुलीचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला वेळ लागला. तमिळनाडूने तो १९८९ मध्ये दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये, पण तोही त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरता. साऱ्या देशात सगळ्या मुलींना तो २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि वडील त्याआधी वारलेले असले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हक्क सोडायचा तर खुशाल सोडावा. पण तो आपल्याकडे होता, हे माहीत असून सोडावा.

तंजावरला त्या दोन दिवस राहिल्या, आणि तिथे दोन दिवसही कमीच पडतात. बृहदीश्वराचे देऊळ पहिल्या राजराजाने १०१० मध्ये पुरे केले. विमान सुमारे दोनशे फूट उंच, सगळे ग्रॅनाइटचे, आणि आसपास ग्रॅनाइटचा डोंगर नाही. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे गाइड हमखास सांगतात. दुपारी चारनंतर जाऊन पाहावे, चांगली लांबलचक पडलेली असते. ही भाकडकथा सांगण्यात वेळ जातो आणि खरी नवलाची गोष्ट राहून जाते. ती पायथ्याच्या भिंतींवर आहे. तिथे तमिळ लेखांत देवळाचा सारा कारभार कोरलेला आहे. नृत्यासाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावेसुद्धा, कोणाला कोणत्या ओळीतले घर दिले त्यासकट.

त्या दिवशीचा गाइड मात्र जाणकार होता. त्याने एका लेखापाशी थांबून अर्थ सांगितला. राजराजाने हुकूम दिला की, आपण दिलेले, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले दान दगडावर कोरून ठेवावे. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. राजाच्या पाठोपाठ नाव तिचे, राण्यांचे त्यानंतर.

"हजार वर्षं झाली," ताई म्हणाल्या आणि दगडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

देवळाच्या आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला भिंतीवर आणखी एक लेख आहे. मराठी माणसाने तो चुकवू नये. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला. एवढा लांबलचक शिलालेख जगात क्वचितच असेल. चोहीकडे तमिळ अक्षरे वाचता न येणाऱ्या दोघींना इथे एकदम वाचता येऊ लागले. भाषा जुनी, अक्षरांचे वळण वेगळे, पण शहाजी, शिवाजी, संभाजी ही नावे सापडू लागली. ताई शाळेतल्या मुलीसारख्या एकेक ओळ लावत होत्या.

दुपारी राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय. नायक राजांनी सुरू केलेला संग्रह सरफोजींनी वाढवला. ताडपत्रे आणि कागदी पोथ्या मिळून हजारो हस्तलिखिते तिथे आहेत, त्यांत मराठीही आहेत, आणि मोडीतली दफ्तरे वेगळीच. सामान्य प्रवाशाला त्यातला संग्रहालयाचा थोडा भागच पाहायला मिळतो. सुट्टीचा दिवस आधी विचारून जावे. सरफोजी हे राजे म्हणून नावापुरतेच होते, १७९९ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला. उरलेल्या सवडीत त्यांनी पुस्तके जमवली, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणे ठेवली, गाणे-नाच सांभाळला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने दोघींचे बोलणे ऐकले आणि तो मराठीतच बोलू लागला. वळण जुने, मधूनमधून तमिळ शब्द. घरात अजून हीच भाषा बोलतो, म्हणाला. ताईंचे डोळे भरून आले.

वाड्याच्या पायरीवर बसून ताई सांगू लागल्या. तीस वर्षांचा सराव, त्यामुळे न अडखळता.

"शहाजीराजे गेले १६६४ मध्ये. दक्षिणेतली सगळी मिळकत व्यंकोजीराजांकडे राहिली. सावत्र भाऊ. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज इकडे आले, तेव्हा त्यांनी वडिलांच्या मिळकतीत अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडमच्या काठी दोघं भेटले. बोलणं काही जमेना आणि व्यंकोजी एका रात्री गुपचूप निघून गेले. पुढे लढाई झाली. भावाभावांची गं. मग व्यंकोजींच्या बायकोने, दीपाबाईंनी, नवऱ्याला समजावलं, असं सांगतात. समेट झाला. आणि महाराजांनी या भावजयीला चोळीबांगडीसाठी म्हणून काय दिलं असेल?"

भावजयीने मान हलवली.

"बंगळूर. आजूबाजूच्या मुलखासकट. चोळीबांगडी म्हणून बंगळूर दिलं गं. साडी नव्हे."

एवढे बोलून त्या उठल्या आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारू लागल्या. त्यांना फाइलबद्दल माहीत होते की नाही, हे भावजयीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

रात्री ताई झोपल्यावर तिने लॉजच्या गच्चीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. "अहो, तो कागद मी ताईंना देणार नाही."

पलीकडून बराच वेळ बोलणे आले. गिऱ्हाईक, मुदत, एवढा खर्च केला तो कशासाठी.

"ते सगळं खरं," ती म्हणाली. "पण घर तुमच्या बाबांचं, बहीण तुमची. विचारायचं तर तुम्ही विचारा. सही करा म्हणून नव्हे. त्यांना काय हवंय, ते विचारा." नवऱ्याने फोन ठेवला. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती, आणि असे ती पहिल्यांदाच बोलली होती. नंतर तिला बराच वेळ झोप लागली नाही.

तिरुचीला अंतर थोडे, सुमारे ५५ किलोमीटर. श्रीरंगमचे देऊळ म्हणजे सात तटबंद्यांचे गावच, बाहेरच्या तटांच्या आत घरे, दुकाने, भाजीबाजार. २३६ फूट उंचीचे राजगोपुर शेकडो वर्षे अर्धे राहिले होते, ते १९८७ मध्ये पुरे झाले. रॉकफोर्टच्या सुमारे चारशे पायऱ्या ताई चार ठिकाणी बसून चढल्या. गुडघे दुखत असतील तर हा हट्ट करू नये. वरून कावेरी दिसते, पण खालूनही ती काही वाईट दिसत नाही.

मदुराईला पोहोचेपर्यंत नवऱ्याचा फोन आला नव्हता. भावजयीने दोनदा मोबाइल काढून पाहिला. मीनाक्षीच्या देवळात आता मोबाइल नेता येत नाही. बाहेर ठेवून चिठ्ठी घ्यावी लागते, त्यामुळे दोघींचे फोन तिथेच राहिले. एका अर्थी बरेच झाले. आत माणसे फोटो काढत नाहीत, बघतात. दर्शन आधी मीनाक्षीचे, मग सुंदरेश्वराचे. हजारखांबी मंडपात खांब प्रत्यक्षात ९८५ आहेत, हे ताईंनी सांगितले आणि मोजण्याचा मोह टाळला.

रात्री नवाच्या पुढे शेजारती असते, ती पाहिल्याशिवाय मदुराई सोडू नये. सुंदरेश्वराच्या पादुका चांदीच्या पालखीत घालून, वाजतगाजत, चवऱ्या ढाळत मीनाक्षीच्या शयनघरी नेतात. देव स्वतः तिच्या घरी जातो. पालखीची वाट पाहत दोघी गार फरशीवर बसल्या होत्या.

"ती निळी फाइल," ताई एकदम म्हणाल्या, "पुण्याला परत नेणार की काय?"

भावजय दचकली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"कांचीला बघितलं मी. वाटलं, आज काढशील, उद्या काढशील. तंजावरपर्यंत वाट पाहिली."

"मी यांना सांगितलंय, ताई. मी देणार नाही म्हणून."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "काय म्हणाला?"

"फोन ठेवला."

"तसाच आहे तो. लहानपणीही रुसला की माळ्यावर जाऊन बसायचा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "मला पैशाची निकड नाही गं. त्याने येऊन म्हणावं, ताई, आपलं घर विकायचंय. आपलं, असं म्हणावं. मग बघू किती सोडायचं आणि किती ठेवायचं. काही तरी ठेवणार मात्र आहे मी."

नगारा वाजू लागला. लोक उठून उभे राहिले. पालखी इतक्या जवळून गेली की उदाचा धूर डोळ्यांत गेला.

बाहेर येऊन चप्पल घातली, चिठ्ठी दाखवून मोबाइल घेतले. भावजयीच्या फोनवर काहीच नव्हते. ताईंच्या फोनवर भावाचे चार मिस्ड कॉल होते. ताईंनी चष्मा लावून ते पुन्हा मोजले, मोरपंखी पदर सावरला आणि दिव्याखालच्या कट्ट्यावर बसून नंबर लावला.

"हां, बोल रे," त्या म्हणाल्या. "देवळात होतो आम्ही. सावकाश बोल, मला घाई नाही."

भावजय अण्णांना गाडी आणायला सांगण्यासाठी पुढे निघाली. ताईंनी हाताने तिला थांबवले आणि शेजारी बसायला जागा करून दिली.